मागच्या दाराला पायऱ्या

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पुढे काही नसायचं. म्हणजे ऊन असायचं, वारा असायचा, खाली अंगण होतं, अंगणात लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी होती. पण दारातून तिथं उतरायची सोय नव्हती. घर उतारावरचं. पुढचं दार रस्त्याला टेकलेलं आणि मागचं जमिनीपासून कमरेइतकं वर. राहायला आलो त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिथं एक लाकडी खोकं आणून ठेवलं आणि पायऱ्या होईपर्यंत भागेल म्हणाला. खोकं कुजलं, दुसरं आलं, तेही कुजलं. पायऱ्यांचा विषय निघाला की तो "बघू" म्हणायचा. त्या एका शब्दावर आमचा संसार बराच पुढे गेला, अंगणात मात्र उतरला नाही. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडायचो, बोळातून घराला वळसा घालायचो आणि आपल्याच अंगणात पाहुण्यासारखे पोचायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, नवरा आणि माझी नणंद. नणंद त्याच्याहून बरीच मोठी. तो ताई म्हणतो म्हणून मीही ताईच म्हणते. आणि पन्नाशी ओलांडलेल्या, दारातून जरा तिरका होऊन आत येणाऱ्या माझ्या नवऱ्याला ताई अजून "छोट्या" म्हणून हाक मारतात.

ताईंनी लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर "मापात बसणारा मिळाला नाही" असं सांगून मोकळ्या होतात. शर्टांच्या कारखान्यात त्या कापड बेतायच्या. लांबलचक टेबलावर कापडाचे थर, वर तपकिरी कागदाचे साचे, खडूची रेघ, मग कात्री. पुरुषांच्या त्या खात्यात त्यांना सगळे "मास्टर" म्हणत, आणि मास्टरांनी एकदा रेघ मारली की त्यावर कुणी बोलत नसे. मग कापायचं यंत्र आलं. यंत्राला खडू लागत नव्हता. ताईंची नोकरी संपली आणि शेवटच्या दिवशी त्या घरी आल्या त्या कागदाची भेंडोळी आणि आपली कात्री घेऊन. पहिले काही दिवस नुसत्या झोपल्या. नंतर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड सुरू झाली. डबे उंचीप्रमाणे लावून झाले, माझ्या सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या नीट करून झाल्या. आता या बाईंचं करायचं काय, अशी मला काळजी लागली.

एकदा सकाळी त्या चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. चहा निवला तरी उभ्याच. मग कप माझ्या हातात दिला.

"पायऱ्या बांधायच्या," त्या म्हणाल्या.

"गवंडी बघायला हवा."

"कशाला? मी बांधणार आहे."

थट्टा करताहेत असं मला वाटलं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. दाराखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे असे लुकलुकत होते की मी पुढचं बोलणं गिळून टाकलं.

जेवणाआधी मागच्या भिंतीला तपकिरी कागद चिकटले होते. उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत. त्यावर ताईंनी खडूनं पायऱ्या काढल्या, खऱ्याच्या खऱ्या मापाच्या, बाजूनं दिसतात तशा. मग लांब उभ्या राहून डोळे बारीक केले, पुसल्या, परत काढल्या. पायरी किती उंच असावी, पाऊल ठेवायला किती जागा असावी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आपण जन्मभर पायऱ्या चढतो आणि हे आपल्याला माहीत नसतं, याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की गळ्यात टेप अडकवून त्या बाहेर पडल्या. मलाही सोबत घेतलं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.

तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही गावभर लोकांच्या पायऱ्या मोजत हिंडलो. बँकेच्या पायऱ्यांवर ताई गुडघ्यावर बसून माप घेत होत्या तर पहारेकरी धावत आला आणि काय चाललंय म्हणून दरडावू लागला. ताईंनी वर न बघता त्याला विचारलं, दिवसभर इथं चढून-उतरून पाय दुखतात का? तो गोंधळला. मग म्हणाला, दुखतात, पोटऱ्या दुखतात. ताई म्हणाल्या, दुखणारच, पायरी उंच आहे आणि पाऊल अर्धं बाहेर राहतं. तो बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला आणि आम्ही तिथून सटकलो. दवाखान्याच्या पायऱ्या दिसायला झकास होत्या, पण तिथं जो तो शेवटच्या पायरीला अडखळत होता. ताईंनी टेप लावला. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच निघाली. सगळ्यात छान पायऱ्या वाचनालयाच्या. लोक बोलत बोलत चढत होते, खाली कुणी बघतसुद्धा नव्हतं. आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून कितीतरी वेळ नुसते लोकांचे पाय पाहिले.

"बघितलंस?" ताई म्हणाल्या. "पाय पहिल्या पायरीला धडा शिकतो आणि पुढच्या पाठ म्हणतो. मधेच एक शब्द बदलला की अडला."

घरी येताना त्या जवळजवळ पळत होत्या. खरं सांगायचं तर मीही.

नवऱ्याला हे काही रुचलं नाही. भिंतीवरचे कागद पाहून पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी सिमेंटची चौकशी चाललेली कानावर गेली तेव्हा गप्प झाला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, लोक काय म्हणतील, की यानं या वयात बहिणीला विटा उचलायला लावल्या. ताई म्हणाल्या, लोकांना सांग की मी कुणाचं ऐकत नाही, तेवढंच खरं बोलल्यासारखं होईल. मी हसले. तो हसला नाही. ताट बाजूला सारून बसून राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मीच बांधणार होतो, ताई."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. "म्हणून तर इतकी वर्षं हात लावला नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना तो एक घमेलं आणि फावडं घेऊन आला आणि ते कुणाला न दाखवता अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं.

आता पंचाईत एकच होती. ताईंनी आयुष्यात वीट लावलेली नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला तेव्हा एका घराच्या कुंपणाची भिंत चालली होती. तिथले मिस्त्री म्हणजे वाळकुडे, मिशाळ, फारसं न बोलणारे गृहस्थ. ताई सकाळीच त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि भिंत बांधायला शिकवा म्हणाल्या. मिस्त्रींना वाटलं, बाई काहीतरी तक्रार घेऊन आल्यात. मग खरं काय ते कळल्यावर त्यांनी थापी पुढे केली. थापी म्हणजे माल पसरायचं ते पात्याचं हत्यार, आणि माल म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि वाळू. एक वीट लावून दाखवा म्हणाले. ताईंनी लावली. मिस्त्रींनी ती बोटानं ढकलली, वीट लोण्यावर ठेवल्यासारखी सरकली. त्यांनी फक्त परत लावायची खूण केली.

असं बरेच दिवस चाललं. ताई सकाळी डबा घेऊन जायच्या, कारखान्यात जायच्या तशाच, आणि दुपारी केसांत सिमेंट घेऊन परत यायच्या. आल्या आल्या बोलायला सुरुवात. माल थापीवरून घसरला पाहिजे पण ओघळता कामा नये. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथंच उकलते, शिवणीवर शिवण आली की कापड उसवतं तशी. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, म्हणून ती आधी पोटभर भिजवायची. हे सांगताना हात हवेत फिरायचे, भाजी करपायची आणि ते दोघींच्याही लक्षात यायचं नाही. एकदा मी विचारलं, मिस्त्री रागावतात का? म्हणाल्या, रागावत नाहीत, नुसतं लावलेलं काढायला सांगतात. ते जास्त लागतं.

विटा आणायला आम्ही दोघी गेलो. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं की दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत वाजली तर पक्की, भद्द वाजली तर कच्ची. ताईंनी ते इतकं मनावर घेतलं की ढिगातली एकेक वीट वाजवत बसल्या. वखारवाला सुरुवातीला कौतुकानं बघत होता. उन्हं चढली तसा वैतागला.

"बाई, विटा घेताय की घंटा?" त्यानं विचारलं.

"वाजतेय ती द्या," ताई म्हणाल्या. "न वाजणारी तुम्हाला ठेवा."

विटांची गाडी अंगणाच्या मागच्या फाटकाशी आली तेव्हा आमच्याकडे लग्नघर झालं. नवऱ्यानं अर्धी रजा टाकली होती. आम्ही तिघांनी रांग करून विटा आत घेतल्या, हातातून हातात. लाल धूळ तोंडावर, पदरावर, पापण्यांवर. मुरुमाचा ढीग लिंबाच्या झाडापाशी, वाळू बोळाच्या तोंडाशी. नवऱ्यावर विटा भिजवायचं काम आलं आणि तो त्यात इतका रमला की बोलायची सोय नाही. टाकीत वीट सोडली की ती सूं करून पाणी प्यायची आणि बुडबुडे वर यायचे. तो टाकीवर वाकून बघत राहायचा. बुडबुडे थांबले की जाहीर करायचा, हिचं पोट भरलं.

पण माल कालवायच्या आधी ताईंना रंगीत तालीम करायची होती. कारखान्यात म्हणे नवा शर्ट आधी स्वस्तातल्या कापडाचा करून बघत. म्हणून त्यांनी नुसत्याच कोरड्या विटा रचून, मालाशिवाय, दारापासून सरळ खाली उतरणाऱ्या पायऱ्या उभ्या केल्या. दिवस गेला त्यात. पण उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही तिघं धावत स्वयंपाकघरात गेलो. मागचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच पुढे काहीतरी होतं. मी उतरले. चढले. परत उतरले. वाचनालयासारखंच वाटत होतं, पाय आपोआप पडत होते. नवरा तर हरखूनच गेला. खाली उतरला, नळावर बादली भरली आणि ही बघा आता मी बादली वर कशी नेतो म्हणून ऐटीत चढू लागला. दार वाऱ्यानं लागलं होतं. वरच्या पायरीवर उभा राहून त्यानं ते आपल्याकडे ओढलं.

आमचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

दार त्याच्या अंगावर आलं, त्यानं एक पाऊल मागे घेतलं, मागे पाऊल ठेवायला जागा नव्हती. बादली, पाणी आणि नवरा असे तिन्ही मुरुमाच्या ढिगावर जाऊन पडले.

मी किंचाळत खाली धावले. ताईही आल्या. लागलं का, हात हलव, मान हलव, पाय हलव. काही झालं नव्हतं. मुरूम मऊ होता आणि नवराही काही कमी मऊ नाही. तो उठायला लागला तर ताईंनी त्याला खांद्यानं दाबून खाली बसवलं.

"उठू नकोस. पाऊल कुठं पडलं होतं ते आधी दाखव."

तो ओल्या मुरुमात बसूनच बोट दाखवत होता आणि ताई दाराच्या कडेपासून टेप लावत होत्या. माप घेऊन झाल्यावर त्या त्याच्या शेजारी ढिगावरच बसल्या. चेहरा उतरला होता.

"शर्ट बेतला," त्या म्हणाल्या, "आणि काखच ठेवली नाही."

दारासमोर ऐसपैस सपाट जागा हवी होती. माणूस उभा राहील, दार ओढेल, बाजूला होईल, आणि मग आत जाईल. एवढी जागा सोडली तर पायऱ्या पुढे सरकत थेट सांडपाण्याच्या चेंबरच्या झाकणावर जात होत्या. झाकण बुजवून चालणार नव्हतं. नवरा म्हणाला, दार आतल्या बाजूला उघडणारं करू. मी म्हणाले, मग स्वयंपाकाच्या ओट्याशी मी उभी राहू कुठं? ताई आमच्या दोघांचंही ऐकत नव्हत्या. त्या उठल्या, भिंतीवरचा कागद टराटरा काढला, कात्री आणली आणि पायऱ्यांचा आकार रेघेवरून कापून काढला. तो घेऊन अंगणात उकिडव्या बसल्या. सरळ ठेवला, उलटा ठेवला, दूर सरकवला. मग एकदम फिरवून भिंतीच्या कडेला लावला.

आणि हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं, पोटातून, थांबता न येणारं. दारासमोर रुंद ओटा, आणि पायऱ्या समोर न उतरता भिंतीला धरून लिंबाच्या बाजूला उतरत होत्या. चेंबर मोकळं. दार मोकळं. ओट्याच्या बाहेरच्या कडेला बुटका कठडा, बसता येईल असा. हे आधी का सुचलं नाही, असं तिघांनाही वाटलं. नवऱ्याचं म्हणणं असं की ते त्याच्या पडण्यामुळे सुचलं, आणि हे तो आजतागायत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

दुसऱ्या दिवशी पायाची खणती सुरू झाली. मिस्त्रींची कुंपणाची भिंत संपली होती. ते संध्याकाळी सहज म्हणून डोकावायचे आणि पायाच्या कडेला हात बांधून उभे राहायचे. त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही, पण ताई बघायच्या ती त्यांची मान. मान हलली नाही की काम ठीक. पाया भरला, त्यावर ओट्याच्या भिंती चढल्या, आत मुरमाचे थर टाकून पाणी मारून नवऱ्यानं ते धुमसानं ठोकले. धुमस म्हणजे दांड्याला लावलेला जड ठोकळा. तो दणदण ठोकायचा आणि स्वयंपाकघरातली भांडी नाचायची. शेजारच्या बाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय मोडताय? मी म्हणाले, मोडत नाही हो, बांधतोय. असं म्हणताना मला किती अभिमान वाटला.

मीही नुसती बघत नव्हते. माल कालवायचं काम माझ्याकडे होतं. कणीक मळण्याची इतक्या वर्षांची सवय कधी अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं. ताई म्हणायच्या "थोडा सैल," मी पाणी घालायचे; "घट्ट," मी वाळू सारायचे. दोरी ताणलेली, पाणसळ लावलेली (त्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की सपाट), आणि ताई थापीनं माल पसरून वीट बसवायच्या, वरून थापीच्या मुठीनं दोन ठोके. टक्, टक्. पुढची. टक्, टक्. त्या आवाजाची मला चटक लागली. सकाळी डोळा उघडला की आधी आठवायचं, आज कुठली पायरी.

तिसऱ्या पायरीला घोटाळा झाला. ती लावून झाली, सांधे भरून झाले, सूर्य मावळायला आला होता, आम्ही दमलो होतो. ताईंनी सवयीनं टेप लावला. परत लावला. पायरी उंच झाली होती. किती, तर करंगळीच्या नखाएवढी. बहुधा मीच कालवलेला माल जरा जास्त घट्ट झाला होता, थर जाड बसला होता. मिस्त्री तेव्हा तिथंच होते. ते वाकले, पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या बाई. डोळ्याला नाही कळणार."

"पायाला कळेल," ताई म्हणाल्या.

मग मिस्त्रींनी जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. बाह्या वर सारल्या आणि ताईंच्या बरोबरीनं विटा उपसायला बसले. माल अजून ओला होता म्हणून निभावलं. एकेक वीट काढून, खरवडून, टाकीत सोडली. नवरा न सांगता बॅटरी धरून उभा राहिला. चांगला अंधार पडल्यावर पायरी पुन्हा बसली, आणि या वेळी टेप लावल्यावर ताईंनी तो गुंडाळून खिशात टाकला. मला वाटलं होतं त्या थकतील, चिडतील. पण हात धुताना त्या गुणगुणत होत्या. म्हणाल्या, कारखान्यात कापड एकदा कापलं की कापलं. चुकीचं कापलं तर गेलं. वीट परत काढता येते, हे किती छान आहे.

शेवटी वरच्या विटा. पाय जिथं पडणार त्या विटा त्यांनी कडेवर उभ्या बसवल्या, झिजू नयेत म्हणून, आणि प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा ढाळ दिला, पाणी साचू नये म्हणून. कठड्यावर शेवटची वीट ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. तो नको नको म्हणत होता. मग ठेवली. वाकडी ठेवली. ताईंनी हळूच दोन ठोके देऊन सरळ केली.

त्यानंतर आला तो खरा परीक्षेचा काळ, कारण मिस्त्रींनी बजावलं होतं की आठवडाभर पाणी मारायचं, ओली पोती घालून ठेवायची आणि पाय ठेवायचा नाही. पायऱ्या तयार आणि आम्ही बोळातून वळसा घालतोय. नवऱ्यानं दाराला आडवी दोरी बांधली, मुख्यतः स्वतःला अडवण्यासाठी. कामावरून आला की चपला न काढता आधी खिडकीशी. दिवसातून कितीदा तरी आम्ही तिघं खिडकीतून मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहावं तसे त्या पोत्यांकडे बघत उभे राहायचो. पोतं जरा सरकवून वीट बघायची, परत झाकायची. शेजारच्या बाई, त्यांच्या घरचे, फाटकावरून जाणारे, सगळे विचारायचे, कधी?

ज्या दिवशी पोती निघाली त्या दिवशी सकाळी मिस्त्री धुतलेला सदरा घालून आले. आम्ही कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं प्यायला. त्यांनी ओट्याच्या कडेवरून ते अलगद ओतलं. पाणी ओट्यावरून सरकलं, पायरीच्या कडेशी क्षणभर थांबलं, खाली उतरलं, पुढच्या कडेशी परत थांबलं, परत उतरलं, आणि मातीत गेलं. कुठं डबकं नाही, कुठं उलटं वळलं नाही. मिस्त्री मिशीत हसले. नवऱ्यानं दुसरा तांब्या आणला. मग तिसरा. चौथ्याला मी तांब्या हिसकावून घेतला.

मग दोरी सोडली. सगळ्यांना वाटत होतं की पहिला मान ताईंचा. त्या ऐकेनात. बोळातून वळसा घालून खाली अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि वरून आम्हाला उतरायला सांगितलं. मी बादली घेऊन उतरले. नवरा उतरला, चढला, दार ओढलं, ऐसपैस बाजूला झाला आणि विजयी मुद्रेनं खाली बघितलं. शेजारच्या बाई फाटकातून आल्या आणि आल्या तशा वर चढून माझ्या स्वयंपाकघरात डोकावून परत उतरल्या. सगळे एकाच वेळी बोलत होते. ताई मात्र आमच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या फक्त पाय बघत होत्या. कुणाचा अडतो का, कुणी खाली बघतं का. कुणाचा अडला नाही. शेजारच्या बाई तर मान मागे वळवून माझ्याशी बोलत बोलत उतरल्या.

मी ताईंजवळ गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"इतके शर्ट कापले गं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या अंगात कसा बसला ते कधी बघायलाच मिळालं नाही."

मग त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी, कुणाचा हात न धरता, सगळ्यात शेवटी त्या वर गेल्या. ओट्यावर पोचून वळल्या आणि तशाच उड्या मारल्यासारख्या परत खाली आल्या. तेव्हा त्या साठीच्या वाटत नव्हत्या.

त्या दिवसापासून आमचं घर मागच्या बाजूनं जगायला लागलं. सकाळचा चहा ओट्यावर, संध्याकाळी कठड्यावर शेजारच्या बाई, वाटाणे सोलायला मी पायरीवर. पूर्वी पुढची बेल वाजवणारी माणसं आता फाटकातून येतात आणि पायरीवर बसूनच बोलतात. नवरा लिंबाच्या बुंध्याशी आळं करतो, काहीतरी पेरतो, ते उगवत नाही, परत पेरतो. हे सगळं अंगण इथंच होतं, आम्हाला लागूनच होतं, याचं मला अजून हसू येतं.

परवा सकाळी मिस्त्री घाईनं आले. पलीकडच्या आळीत एका घराला दारासमोर गोल पायऱ्या हव्या होत्या, पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या. मिस्त्रींनी सरळ भिंती जन्मभर बांधल्या होत्या, गोल काही बांधलं नव्हतं, आणि आकार जमिनीवर कसा उतरवायचा ते जमत नव्हतं. ते अडखळत एवढं सांगेपर्यंत ताई आत गेल्या होत्या. आल्या त्या काखेत कागदाचं भेंडोळं घेऊन. "घेराच्या झग्यासारखं आहे ते," त्या जाता जाता म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

दुपारी डबा द्यायला मी गेले. ताई मोकळ्या जागेत मधोमध बसल्या होत्या. एक खुंटी ठोकलेली, तिला दोरी, दोरीच्या टोकाला खडू, आणि त्यांच्याभोवती जमिनीवर एकात एक अशा कितीतरी पांढऱ्या कमानी. मिस्त्री कडेला उभे राहून मान हलवत होते, होकारार्थी. मला बघताच ताईंनी हात वर केला, डबा बाजूला ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, "चपला काढ आणि या रेघांवरून चालत ये बघू. घाई नको. मला तुझी पावलं बघायचीत."